पाजू नका, ओता

होळी आटोपली की बाबा माळ्यावरून कूलरचा पंप काढतात, कानाशी धरून हलवतात आणि "चालेल यंदा" म्हणतात. मग जुना वाळा उपसणं, टपाच्या तळाशी साचलेला पांढरा क्षार घासणं, पत्र्याला रंगाचा हात मारणं. नागपुरातल्या कुठल्याही घरात मार्चअखेरीला हेच चाललेलं असतं. कूलर खिडकीत बसला आणि नव्या वाळ्याचा पहिला ओला वास घरात पसरला, की आमचा गोटू येऊन कूलरच्या समोर, अगदी मधोमध, चारी पाय पसरून पोट फरशीला टेकवून पडतो. ती जागा त्याची. पाहुणे आले तरी त्याला ओलांडूनच जातात.

गोटू लॅब्राडोर आहे, सात वर्षांचा. वजन चौतीस किलो. डॉक्टरांच्या मते ते तीसच्या आत असायला हवं. बाबांच्या मते डॉक्टर वाळकुडे आहेत म्हणून त्यांना सगळे जाड दिसतात.

आम्हा नागपूरकरांना आमच्या उन्हाचा जरा गर्वच आहे. पुण्यामुंबईचा पाहुणा "बापरे, चव्वेचाळीस!" म्हणाला की आम्ही "हे काहीच नाही, नवतपा लागू द्या" (म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात कडक नऊ दिवस) असं म्हणून त्याच्या तोंडाकडे बघतो. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली होती. हवामान खात्याने पुढे सांगितलं की यंत्रातला सेन्सर बिघडला होता. पण मधल्या काही तासांत माझ्या ओळखीच्या एकाही नागपूरकराला तो आकडा खोटा वाटला नव्हता. उलट "तरी म्हटलं!" असाच सूर होता. आपल्याला ऊन कळतं, आपण उन्हातले जुने खेळाडू, ही जी खात्री असते ना, तिनेच गेल्या वर्षी आमचा घात केला.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. नवतपाला अजून महिना बाकी. पुण्याहून बहीण आणि दहा वर्षांचा भाचा आले होते. दिवसभर गोटूला आम्ही घरात ठेवलं होतं, पडदे ओढून, कूलर लावून. साडेसहाला ऊन उतरलं. उतरलं म्हणजे दिसायचं थांबलं. झाडांच्या सावल्या लांब होऊन विरल्या होत्या, आकाश छान केशरी झालं होतं. भाचा चेंडू घेऊन गोटूबरोबर कॉलनीच्या मैदानावर गेला. मीच पाठवलं. "आता जा, आता काही ऊन नाही," हे माझे शब्द.

ऊन नव्हतं, पण गरमी सगळी तिथेच होती. मैदानाच्या तिन्ही बाजूंना सिमेंटचे रस्ते आहेत. आमच्या शहरात डांबर उखडून सिमेंट ओतण्याची हौस मोठी. तो रस्ता दिवसभर तापतो आणि रात्री नऊपर्यंत शेगडीसारखा उष्णता सोडत राहतो. आपली पावलं चपलेत असतात आणि नाक जमिनीपासून पाच फूट वर. गोटूचं नाक दीड फुटावर असतं.

भाचा चेंडू फेकायचा, गोटू आणायचा. पुन्हा फेकायचा, पुन्हा आणायचा. लॅब्राडोर ही जात माणसाने मारलेली शिकार उचलून आणण्यासाठीच घडवलेली. चेंडू आणायला तो नाही म्हणत नाही. गाय उन्हात चालायची थांबते, बैल बसकण मारतो, गाढव तर गाढवच. कुत्र्याला मात्र आपल्या माणसाचा खेळ मोडवत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी गोटू चेंडू तोंडात न घेताच परत आला, असं भाचा नंतर सांगत होता. मग तो गोल फिरल्यासारखा चालला आणि मागचे पाय दुमडून बसला. भाच्याला वाटलं, दमला.

मी पोचले तेव्हा तो आडवा पडला होता. जीभ इतकी लांब आणि रुंद मी आधी कधी पाहिली नव्हती. टोकाला चमच्यासारखी पसरलेली, गडद लाल. हिरड्या विटेसारख्या. लाळ नेहमीसारखी पातळ गळत नव्हती, चिकट दोरे लोंबत होते. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हता. बाबा मागून लोटीभर पाणी घेऊन धावत आले. "काय होऊन राहिलं याला?" म्हणत त्यांनी त्याचं तोंड वर धरलं आणि पाणी आत ओतलं. गोटूला ठसका लागला. पाणी नाकातून बाहेर आलं.

शेजारच्या काकूंनी कांदा फोडून आणला. ऊन लागलं की तळपायाला कांद्याचा रस चोळायचा, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर येतं. कुणीतरी म्हणालं, अंग भाजतंय, तापाची अर्धी गोळी द्या. बहिणीने मोठा टॉवेल भिजवला आणि त्याला नखशिखांत गुंडाळला. मी गाडी काढली. गाडी दिवसभर उघड्यावर उभी होती, आत भट्टी. एसीची हवा गार व्हायला लागली तेव्हा अर्धा रस्ता संपला होता. दवाखाना वीस मिनिटांवर. त्या वीस मिनिटांत आम्ही चार शिकलेली माणसं एका कुत्र्याला ओल्या टॉवेलात बांधून नेत होतो आणि सगळं बरोबर करतोय अशी आमची समजूत होती.

डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती टॉवेल ओढून फेकून देण्याची. दुसरी, त्याला टेबलावर न घेता मागच्या मोरीत नेऊन नळी सोडली आणि भिंतीवरचा पंखा त्याच्याकडे वळवला. ताप बघितला तो नळी चालू असतानाच. १०७. कुत्र्याचं साधं तापमानच आपल्यापेक्षा जास्त असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास. १०६ च्या पुढे गेलं की आतल्या अवयवांना झळ लागायला सुरुवात होते. १०३ वर आल्यावर त्यांनी पाणी बंद केलं, कारण त्यापुढे शरीर आपोआप खाली घसरत जातं आणि मग नको इतकं गार पडतं. हे सगळं होईस्तोवर ते आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. सलाईन लावून झाल्यावर हात पुसत त्यांनी विचारलं, "घरी पाणी नव्हतं का?"

बाबा म्हणाले, "होतं ना. पाजलं."

"पाजायचं नव्हतं. ओतायचं होतं."

शुद्ध हरपत चाललेल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतलं की ते फुप्फुसात जाऊ शकतं. जो स्वतः मान उचलून पिईल, त्याच्यापुढे वाटी ठेवा, पिऊ द्या. जो पिणार नाही, त्याच्या अंगावर ओता आणि ओततच राहा. ओला टॉवेल गुंडाळला की काही क्षणांत तो अंगाच्याच उष्णतेने गरम होतो आणि मग गोधडीचं काम करतो. तापाच्या गोळीचा तर इथे संबंधच नाही. ताप म्हणजे शरीराने स्वतः चढवलेलं तापमान. हे बाहेरून चढलेलं असतं, गोळी त्याला उतरवू शकत नाही, आणि माणसांची पॅरासिटॅमॉल कुत्र्याच्या यकृताला आणि रक्ताला घातक. कांदाही तसाच. कुत्र्याच्या पोटात कांदा गेला तर तांबड्या पेशी फुटतात. पायाला चोळलेला रस तो चाटल्याशिवाय राहणार आहे का? काकूंना हे मी अजून सांगितलेलं नाही. त्या रोज विचारतात, कांद्याने फरक पडला ना?

सगळ्यात लागलं ते पुढचं वाक्य. "आधी घरी दहा मिनिटं गार करायचं, मग गाडीत घालायचं." आम्ही उलट केलं होतं. दवाखाना म्हणजे उपचार असं आपल्या डोक्यात पक्कं असतं. त्या संध्याकाळी उपचार आमच्या अंगणात होता.

त्या रात्री घरी परतताना बाबा एकदम म्हणाले, "एकनाथांनी तरी पाजलंच होतं ना." काशीची कावड रामेश्वराला नेताना तापलेल्या वाळूत तडफडणारं गाढव, आणि नाथांनी त्याच्या तोंडात ओतलेली गंगा. आमच्या पिढ्यांची भूतदया त्या एका चित्रावर पोसलेली आहे. ऊन म्हणजे तहान, आणि तहान म्हणजे तोंडात पाणी. मी काही बोलले नाही. नाथांच्या गाढवाला तहान लागली होती, आपल्या गोटूला ऊन लागलं होतं, एवढाच फरक. पण तो त्या वेळी बाबांना सांगण्यात अर्थ नव्हता.

गोटू दोन रात्री दवाखान्यात राहिला. ताप उतरला म्हणजे सुटलो असं नसतं, हे तिथे कळलं. मूत्रपिंडं, यकृत, आतडी, रक्त गोठण्याची क्रिया, यांतलं काय बिघडलंय ते पुढच्या दोन-तीन दिवसांत उघडं पडतं. म्हणून डॉक्टर त्याच्या लघवीचा रंग बघायचे, शी रक्ताची आहे का बघायचे, पोटाची कातडी आणि हिरड्या उलगडून लाल ठिपके शोधायचे. मी आणि बाबा आळीपाळीने बसलो होतो. बाबा आयुष्यभर वीज मंडळात होते; यंत्र कळलं की त्यांना माणूस कळतो, आता कुत्रा कळायचा होता. डॉक्टरांना त्यांनी शंभर प्रश्न विचारले आणि दुसऱ्या दिवशी निकाल दिला, "म्हणजे हा कूलर आहे."

याहून नेमकं मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. आपल्याला अंगभर घाम येतो, तो वाळतो, आपण गार होतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, म्हणजे नावापुरता. त्याचं सगळं काम श्वासावर. ओली जीभ आणि नाकातल्या ओल्या घड्या म्हणजे वाळा, लाळ म्हणजे पंपाचं पाणी, आणि धापा म्हणजे पंखा. निवांत कुत्रा मिनिटाला वीस-तीस श्वास घेतो. धाप लागली की तीनशेच्या वर जातो. हवा नाकातून आत, तोंडातून बाहेर. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. बस, एवढंच यंत्र.

आणि कूलरची जी दुखणी, तीच याची. कूलर लावून खोलीची सगळी दारं-खिडक्या बंद केल्या तर थोड्या वेळाने खोली दमट होते आणि कूलर नुसता आवाज करतो, हे नागपुरातलं पोरही सांगेल. तरी आम्ही बाहेर जाताना गोटूला बाथरूममध्ये ठेवायचो. फरशी गार असते म्हणून! दार बंद, एक टीचभर झरोका, आणि आत धापा टाकणारा चौतीस किलोंचा प्राणी. तासाभरात ती हवा त्याच्याच वाफेने भरून जात असणार. बंद गाडीचं तेच, शिवाय काचा उष्णता आत कोंडतात. बाहेर साधा उबदार दिवस असला तरी दहा मिनिटांत आतलं तापमान दहा-एक अंशांनी चढतं. खिडकी चार बोटं उघडी ठेवल्याने फारसं काही होत नाही. "दोन मिनिटांत भाजी घेऊन येते" यातल्या दोन मिनिटांना भाजीवाल्याकडे किती लागतात, हे आपण सगळेच जाणतो.

मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत कूलर का चालत नाही? हवाच ओली असते, पाणी वाळणार कुठे. मग तिथल्या कुत्र्यांची जीभ तरी कशी चालेल? नागपूरच्या ४४ अंशांवर हसणाऱ्या मुंबईकराने आपल्या ३४ अंशांच्या घामट संध्याकाळी कुत्र्याला चौपाटीवर पळवताना हे लक्षात ठेवावं. आकडा लहान असला म्हणून कुत्र्याचं काम सोपं होत नाही. आमच्याकडेही जूनच्या सुरुवातीला एक वळीव पडून जातो, हवा ओली होते आणि ऊन पुन्हा तापतं. त्या दिवसांना मी आता मेपेक्षा जास्त भिऊन असते.

ज्याचा वाळाच वीतभर, त्याचं काय? कॉलनीत एका घरी पग आहे. चपट्या नाकाची ही कुत्री गोंडस दिसावीत म्हणून माणसाने त्यांचं नाक पिढ्यान्‌पिढ्या आत ढकललं. नाक आखूड म्हणजे हवा गार करायची जागाच कमी, आणि वर घशातला मार्ग अरुंद. तो पग मार्चमध्येच घोरल्यासारखा श्वास घेतो. लोक म्हणतात, कसा गोड घोरतो. सायबेरियन हस्कीबद्दल तर बोलायलाच नको. बर्फात गाडी ओढण्यासाठी जन्मलेली कुत्री विदर्भात पाळणाऱ्यांना मी तोंडावर काही म्हणत नाही, पण मनात भरपूर म्हणते. मग उन्हाळ्यात त्यांच्या अंगावर वस्तरा फिरवतात, तो आणखी एक घोटाळा. दुहेरी केसांच्या कुत्र्यांचा वरचा थर ऊनही अडवतो. तो सरसकट भादरला तर कातडी भाजते. आतले गळणारे केस रोज विंचरून काढले की पुरे.

ब्रिटनमध्ये संशोधकांनी पशुवैद्यकांकडच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी चारांत जवळजवळ तीन धावण्या-खेळण्यातून किंवा फिरवण्यातून पडली होती. गाडीत कोंडलेली फारच थोडी. थंड देशातली गोष्ट आहे, आपल्याकडचं प्रमाण वेगळं असेल. पण ते वाचताना मला ते मैदान दिसलं. कुणी दुष्टपणा केला नव्हता. एक मुलगा चेंडू टाकत होता.

भाच्याला अर्थात कुणी काही बोललं नाही. त्यानेच स्वतःला बोलून घेतलं. दोन दिवस जेवला नाही धड. त्याला मी सांगितलं की पाठवलं मी होतं, आणि ते खरंच होतं.

आता आमचं वेळापत्रक बदललंय. पहाटे पाचला फिरणं, सहाच्या आत घरी. संध्याकाळी फक्त अंगणात, कामापुरतं. रस्त्यावर नेण्याआधी तळहाताची मागची बाजू जमिनीला लावून सात आकडे मोजायचे, हात ठेवता आला नाही तर परत फिरायचं. बाबांना वाकता येत नाही, गुडघे गेलेत. ते चपला काढून रस्त्यावर अनवाणी उभे राहतात आणि मोठ्याने मोजतात. समोरच्यांना सुरुवातीला वाटलं, कसलंसं व्रत असावं.

मोरीतल्या नळाचा काही उपयोग नाही, हेही लक्षात आलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मेमध्ये संध्याकाळी सातलाही चटका देतं; ते ओतलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. घरात गार पाणी कुठे असतं तर कूलरच्या टपात. वाळ्यातून फिरून फिरून तेच सगळ्यात थंड झालेलं. म्हणजे त्या संध्याकाळी साठ-सत्तर लिटर औषध खिडकीत टांगलेलं होतं! आता टपाशेजारी एक मग कायमचा ठेवलाय. बाबांची अट एकच, आधी प्लग काढायचा, मग हात घालायचा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, आणि गोटू तर त्या पत्र्याला पाठ लावून झोपतो. अर्थिंग त्यांनी दोनदा तपासून घेतलं.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर कलिंगडाच्या बिया काढलेल्या फोडी, बिनमिठाचं पातळ ताक चमचा-दोन चमचे, पाण्यात बर्फाचे चार खडे. एवढ्यावर तो खूष. खरी धास्ती आंब्यांची. रसाच्या जेवणानंतर कोयींची ताटली खाली राहिली आणि त्याने एखादी कोय गिळली, तर ती आतड्यात अडकते आणि पोट फाडून काढावी लागते. आमरसाच्या दिवशी आमच्याकडे आता कोयी मोजतात.

गोटूचं निस्तरलं. पण एकदा जिभा बघायची सवय लागली की रस्त्यावरच्याही दिसायला लागतात. आमच्या गल्लीत चार कुत्री आहेत. त्यांना हे सगळं कुणी शिकवलेलं नाही. कडुनिंबाखाली माती उकरून पोटाएवढा खळगा करतात, खालची ओलसर माती लागली की त्यात पसरतात. बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाऱ्याच्या सावलीकडच्या अंगाला, गटाराच्या काठाला, रसवंतीमागच्या ओल्या चोथ्यावर. दुपारभर जागा हलत नाहीत. माणूस धावतो, कुत्रं धावत नाही. बाबा म्हणतात, पाळलेल्याला आपण बिघडवतो.

उभ्या गाड्यांखाली मात्र ती हमखास असतात. म्हणून गाडी सुरू करण्याआधी बाबा बॉनेटवर दोन थापा मारतात आणि खाली डोकावायला मला लावतात.

फाटकाबाहेर सिमेंटची एक कुंडी ठेवली. स्टीलचं भांडं उन्हात इतकं तापतं की पाणी पिण्याजोगं राहत नाही. कुंडीवरून एका शेजाऱ्याशी वाजलं; कुत्री गोळा होतात, घाण करतात, पोरांच्या मागे लागतात. त्यांचं सगळंच चूक नव्हतं. शेवटी कुंडी दोन घरं पलीकडे, कडुनिंबाखाली सरकवली. रोज सकाळी उपडी करून घासायची, नाहीतर डास होतात. पहिले दोन दिवस त्यात फक्त साळुंक्या आंघोळ करत होत्या. तिसऱ्या दिवशी कान तुटलेली तांबडी कुत्री आली. पाणी प्यायली, आणि मग सरळ कुंडीत पुढचे दोन पाय घालून उभी राहिली. पाच-सात मिनिटं, डोळे मिटून. तिला कूलर कळला होता.

यंदा भाचा आला तो फोनवर आधीच विचारून, चेंडू आणू का म्हणून. जुना चेंडू मी फ्रिजवर ठेवलाय, पावसापर्यंत. गोटूला ते ठाऊक आहे. संध्याकाळी आकाश केशरी झालं की तो कूलरसमोरून उठतो, फ्रिजपाशी जाऊन बसतो आणि मान वर करून बघत राहतो. भाचा त्याच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसतो. बाहेर बाबांचा आवाज येतो, "चार... पाच..." आणि मग चपला घाईघाईने पायात सरकवल्याचा.